डोंबिवली की बदलापूर? बिऱ्हाड हलवण्यापूर्वी प्रकृतीचा हिशेब

मुंबईतील जुनी चाळ पुनर्विकासाला गेली, थोरल्याचे लग्न ठरले किंवा दोन मुलांना अभ्यासाला एक कोपरा पुरेनासा झाला, की मध्यमवर्गीय कुटुंबाचे डोळे ठाण्यापलीकडे वळतात. मग डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर ही नावे घरात उठता-बसता ऐकू येऊ लागतात. रविवारी सगळी मंडळी सॅम्पल फ्लॅट पाहायला निघतात. चौरस फुटांचा हिशेब होतो, हप्त्याचा होतो, स्टेशन किती मिनिटांवर आहे याचाही होतो. प्रकृतीचा हिशेब मात्र कोणी करीत नाही. तो दोन-तीन वर्षांनी आमच्यासारख्या डॉक्टरांच्या टेबलावर येतो.

मी काही इस्टेट एजंट नाही, आणि जागांचे भाव सांगणे हा या सदराचा विषयही नाही. पण या पट्ट्यात इतकी वर्षे जनरल प्रॅक्टिस केल्यावर केस पेपरवरचा पत्ता वाचला की तक्रारीचा थोडाफार अंदाज येऊ लागतो. ‘डॉक्टर, डोंबिवली बरी की बदलापूर?’ असे रुग्ण अनेकदा विचारतात. दवाखान्याच्या गर्दीत त्याचे धड उत्तर देता येत नाही, म्हणून आज ते येथे सविस्तर देत आहे.

अर्ध्या तासाची किंमत

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटर, कल्याण ५४, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८ किलोमीटर आहे. डोंबिवली आणि बदलापूर यांच्यातले अंतर वीस किलोमीटर, म्हणजे लोकलने साधारण अर्धा तास. ‘अर्ध्या तासाचे काय एवढे? गाडीत बसून झोप काढू,’ असे घर घेताना सगळेच म्हणतात.

आता गणित करू. जाताना अर्धा तास, येताना अर्धा तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पंचवीस तास, वर्षाचे तीनशे. म्हणजे वर्षातले साडेबारा अहोरात्र. हा वेळ कोठून येतो? कचेरीची वेळ बदलत नाही, स्वयंपाकाची बदलत नाही, मुलांच्या शाळेची बदलत नाही. तो येतो झोपेतून, आणि झोपेतून नाही तर व्यायामातून.

पहाटे पाचला उठून पावणेसातची गाडी पकडणारा, रात्री नऊला घरी येणारा, दहाला जेवणारा आणि साडेअकराला अंथरुणाला पाठ टेकणारा माणूस साडेपाच तास झोपतो. प्रौढ माणसाला सात ते आठ तास झोप लागते. दीड-दोन तासांची ही तूट वर्षानुवर्षे साचत गेली की रक्तदाब वर चढतो. भुकेचे नियमन बिघडते आणि अवेळी खाणे वाढते. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासे होते. घरात मधुमेहाचा वारसा असेल, तर जो मधुमेह साठीला यायचा तो पंचेचाळिशीला दारात उभा राहतो. रुग्ण म्हणतो, ‘डॉक्टर, मी गोड खातच नाही.’ खरे असते ते. पण तो झोपतही नाही, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

गर्दीचा प्रश्न वेगळाच. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींचा जीव गेला. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २०२४ या एका वर्षात दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. कल्याणच्या पुढे जाणारी गाडी चुकली तर दुसरी लवकर येत नाही. म्हणून माणूस आहे त्या गर्दीत शिरतो, दारात लटकतो. गाड्यांची संख्या हा आरोग्याचाच विषय आहे तो असा.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. लांबचा प्रवास करणाऱ्या कित्येक भगिनी सकाळी घरातून निघताना पाणी पीत नाहीत. कारण उघड आहे. पाणी प्यायले तर लघवीला जावे लागेल, आणि जाणार कोठे? पुन्हा संध्याकाळी तेच. मग लघवीची जळजळ, वारंवार होणारा संसर्ग, कधी मूतखडा. औषधाने संसर्ग बरा होतो, पण दिनक्रम तोच राहिला की दोन महिन्यांनी तो पुन्हा येतो. घर घेताना नवऱ्याच्या नोकरीचे ठिकाण नकाशावर शोधले जाते, बायकोच्या प्रवासाचे तास मात्र कोणी मोजत नाही. घरी येऊन तिला स्वयंपाकही करायचा असतो. तेव्हा तिचा अर्धा तास दुप्पट धरावा.

दिवसभर घरी कोण असते?

नोकरदार माणूस नव्या घरी फक्त झोपायला येतो. त्या घरात खरे राहतात ते आई-वडील आणि मुले. पण घर निवडताना त्यांचे मत विचारले जात नाही, किंवा विचारलेच तर ‘तुम्हाला बरे वाटेल ते करा’ एवढे त्यांचे उत्तर ऐकून विषय संपतो.

परळच्या चाळीतून आलेल्या एका आजी माझ्या पाहण्यात आल्या. वय बहात्तर. चाळीत त्यांचे सगळे आयुष्य गॅलरीत गेलेले. डाळ निवडायला शेजारीण, भांडायला शेजारीण आणि दुखले-खुपले तर धावून यायलाही शेजारीण. मुलाने हौसेने दोन बेडरूमचे घर घेतले, तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. आजींचे गुडघे झिजलेले. पहिल्या महिन्यात त्या दोनदा खाली उतरल्या, नंतर उतरल्याच नाहीत. सहा महिन्यांनी मुलगा त्यांना घेऊन आला तो ‘आई विसरायला लागली, बोलत नाही, जेवत नाही’ ही तक्रार घेऊन. तपासण्या झाल्या, त्यांत विशेष काही निघाले नाही. आजींना विस्मृती झाली नव्हती, त्यांना एकटेपणाने ग्रासले होते. पुढे कुटुंबाने त्याच रस्त्यावर तळमजल्याचे, थोडे लहान घर भाड्याने घेतले. समोर देऊळ, दुपारचे भजन. औषधाची गोळी चालू होतीच, पण गुण कशाने आला हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

म्हणून घर पाहताना वृद्धांसाठी तीन गोष्टी पाहाव्यात. लिफ्ट आहे का, आणि वीज गेल्यावर ती चालते का? काठी टेकत चालता येईल असा सपाट पदपथ आहे का? पाच मिनिटांच्या अंतरावर चार माणसे बसतात असा कट्टा, देऊळ, वाचनालय किंवा बाग आहे का? या बाबतीत जुनी डोंबिवली सरस ठरते. इमारती दाटीवाटीच्या असल्या तरी माणसांची वस्ती जुनी आहे, ओळखी पटकन होतात. बदलापूरच्या टोकाला नव्या मोठ्या संकुलांत बाग सुंदर असते, पण निम्म्या खिडक्या अंधारात आणि रिक्षा मिळेपर्यंत दिवस मावळतो, अशीही स्थिती काही ठिकाणी दिसते.

मुलांचे याच्या उलट आहे. शाळकरी मुलाला रोज किमान तासभर अंगमेहनतीचा खेळ हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डोंबिवलीच्या जुन्या गल्ल्यांत ते मूल खेळणार कोठे? पार्किंगमध्ये? बदलापूर आणि अंबरनाथच्या बाहेरच्या भागांत अजून थोडी मोकळी जमीन आहे, डोंगर दिसतो, सकाळची हवा अनुभवता येते. बदलापूरकर वाचकांनी वरच्या परिच्छेदावरून रागावू नये. मुलांच्या वाढीच्या दृष्टीने मी त्यांच्याच बाजूने मत देईन.

हवा: नाकावर विश्वास ठेवा

गावाच्या नावावरून हवेचा निर्णय करू नये, गल्लीवरून करावा. डोंबिवलीची औद्योगिक वसाहत निवासी इमारतींना अगदी खेटून आहे. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन्ही दिवशी तेथे कारखान्यांत झालेल्या स्फोटांत माणसे दगावली आणि आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. २०२० मध्ये रसायनांमुळे तेथील एक रस्ता गुलाबी झाला होता. पण ‘म्हणून आम्ही अंबरनाथला घेतो’ असे म्हणणाऱ्यांनी मोरिवलीची औद्योगिक वसाहत, आणि बदलापूरला घेणाऱ्यांनी माणकिवली-खरवईची बाजू नकाशावर पाहून ठेवावी. वालधुनी नदी अंबरनाथहून उल्हासनगरमार्गे कल्याणकडे येते. २०१४ मध्ये तिच्यात सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले होते.

घरात दम्याचे मूल असेल, कोणाला जुनाट खोकला असेल किंवा हृदयविकार असेल, तर कारखान्यांपासून दूरचीच जागा घ्यावी, भाव कितीही कमी असला तरी. अशा जागेची परीक्षा दुपारी करू नये. थंडीच्या दिवसांत रात्री आणि पहाटे हवा जमिनीलगत दबून राहते, धूर वर जात नाही. म्हणून रात्री अकराला आणि पहाटे पाचला त्या इमारतीखाली दहा मिनिटे उभे राहावे. डोळे चुरचुरले, घसा खवखवला किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर एजंट काहीही सांगो, परत फिरावे.

घराच्या आतली हवाही तितकीच महत्त्वाची. लहान घरामुळे आजार होतात असे सरसकट म्हणता येत नाही, पण कोंदट घरामुळे होतात. क्षयरोगाचे जंतू बंद, अंधाऱ्या आणि गर्दीच्या खोलीत सहज पसरतात. समोरच्या इमारतीतल्या माणसाला खिडकीतून साखर देता येईल इतक्या जवळ भिंत असेल, तर ती खिडकी आहे म्हणण्यात अर्थ नाही. शंभर फूट कमी मिळाले तरी चालेल, समोरासमोर दोन खिडक्या आणि दिवसातून तासभर ऊन हवे.

पाणी: कमीही आणि जास्तही

या साऱ्या गावांची तहान मुख्यतः उल्हास नदी आणि बारवी धरण भागवते. पण नदीत पाणी असणे आणि चौथ्या मजल्यावरच्या नळाला पाणी असणे यांत फरक आहे. पाणी किती वाजता येते, किती वेळ येते, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, हे बिल्डरला न विचारता इमारतीच्या वॉचमनला किंवा धुणे वाळत घालणाऱ्या बाईंना विचारावे.

याचा डेंग्यूशी थेट संबंध आहे. पाणी अपुरे आले की माणसे पिंपे, ड्रम, बादल्या भरून ठेवतात. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, तो अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करावीत असे आम्ही सांगतो. ज्या सोसायटीत पाणी दिवसाआड येते तेथे हे सांगणे सोपे आहे, पाळणे कठीण. तेव्हा नियमित पाणीपुरवठा ही नुसती सोय समजू नये, ते डेंग्यूवरचे पहिले औषध आहे.

आता जास्तीच्या पाण्याचे. २६ जुलै २००५ चा पूर या पट्ट्यातले जुने रहिवासी विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांची सुटका करावी लागली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा बदलापूरच्या सखल भागांत पाणी शिरले. बदलापूर पश्चिमेत नदीकडच्या बाजूला घर पाहणाऱ्यांनी पूररेषेची चौकशी केल्याशिवाय टोकन देऊ नये. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. सरकारी नकाशा पाहावाच, शिवाय गावठाणातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसालाही विचारावे. पाणी कोठवर आले होते ते तो भिंतीवर हात ठेवून दाखवील.

पुराचे पाणी ओसरल्यावर आमचे काम सुरू होते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून चालल्यावर, पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. जोराचा ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, डोळे लाल होणे ही त्याची लक्षणे. वेळीच औषध मिळाले तर बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृत निकामी करतो. गुडघाभर पाण्यातून चालावे लागले असेल तर ताप येण्याची वाट न पाहता दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवावे.

रात्री दोन वाजता काय होईल?

छातीत कळ आली तर पहिला तास मोलाचा. हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी जितक्या लवकर उघडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून रात्री दोन वाजता आपल्या घरापासून हृदयविकाराची सोय असलेले रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हा प्रश्न पन्नाशीच्या पुढचा माणूस घरात असलेल्या प्रत्येक कुटुंबाने विचारावा. डोंबिवली आणि कल्याण या बाबतीत पुढे आहेत. अंबरनाथ-बदलापुरातही खासगी रुग्णालये वाढली आहेत. पण पाटी पाहून समाधान मानू नये. अँजिओप्लास्टी चोवीस तास होते का, अतिदक्षता विभागात रात्री डॉक्टर हजर असतो का, हे आत जाऊन विचारावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, पण तिलाही रस्ता लागतो.

आणि येथे पूर्व-पश्चिमेचा प्रश्न येतो. आपली ही सगळी गावे रेल्वेने मधोमध चिरलेली आहेत. घर एका बाजूला आणि रुग्णालय दुसऱ्या बाजूला असेल तर मधला पूल हाच आपला प्राणवायू. डोंबिवलीचा कोपर पूल धोकादायक ठरून २०१९ मध्ये बंद झाला तो नवा होऊन २०२१ मध्ये खुला झाला. त्या दोन वर्षांत पूर्वेकडून पश्चिमेकडे रुग्ण न्यायचा म्हणजे काय दिव्य होते ते ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक.

मग घ्यावे कोठे?

माझे मत स्पष्ट सांगतो. नवरा-बायको दोघेही रोज दादरच्या पुढे जाणार असतील आणि घरात वृद्ध असतील, तर डोंबिवली किंवा कल्याणमध्ये लहान का होईना, पण लिफ्टचे आणि हवेशीर घर घ्यावे, कारखान्यांपासून दूर. नोकरी ठाण्यात किंवा कल्याणच्या आसपास असेल, आठवड्यातून दोन-तीनच दिवस कचेरीत जावे लागत असेल आणि मुले लहान असतील, तर अंबरनाथ-बदलापूरसारखी जागा नाही. मात्र ती पूररेषेच्या बाहेर आणि स्टेशनपासून चालत जाण्याजोगी हवी. जाहिरातीत दाखवलेली मेट्रो आणि नवे रस्ते यांचा हिशेब धरू नये. आज जी गाडी धावते तेवढीच आपली.

‘डॉक्टर, हे सगळे पटते, पण पैशाचे सोंग कसे आणायचे?’ हा प्रश्न रास्त आहे. हप्त्याच्या काळजीनेही रक्तदाब वाढतो, ते मी रोज पाहतो. झेपणार नाही असे कर्ज काढून जवळचे घर घ्यावे, असे मी मुळीच म्हणत नाही. स्वस्ताच्या मोहात कागदपत्रे न तपासता घर घेणाऱ्यांचे हाल तर त्याहून वाईट. खोट्या परवानग्यांवर उभारलेल्या कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, तेव्हा त्यांत राहणाऱ्या कुटुंबांची झोप उडाली. डोक्यावरचे छप्पर जाण्याच्या धास्तीवर कोणत्याही कंपनीची गोळी नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की विकत घेण्यापूर्वी त्या गावात एक पावसाळा भाड्याने राहावे. अकरा महिन्यांचा करार करावा. दोनदा सामान हलवण्याचा त्रास होतो, खर्चही होतो. पण वीस वर्षांच्या कर्जापुढे अकरा महिने काहीच नाहीत. या अकरा महिन्यांत गाडी कळते, पाणी कळते, डास कळतात, शेजार कळतो. आईचे गुडघे जिना चढतात की नाही आणि आपली झोप होते की नाही, तेही कळते.

तेवढेही जमण्यासारखे नसेल, तर निदान घर पाहायला रविवारी जाऊ नका. रविवारी सगळीच गावे चांगली दिसतात. सोमवारी सकाळी साडेसातला खांद्याला डबा-पिशवी अडकवून त्या स्टेशनवर जा, गर्दीच्या लोकलने कचेरीत जा आणि संध्याकाळी त्याच मार्गाने परत येऊन त्या इमारतीचा जिना चढा. असे सलग तीन दिवस करा. चौथ्या दिवशी सकाळी सहज उठवत असेल तर बयाणा द्यायला हरकत नाही. निर्णय घेताना मात्र घरातल्या सर्वांत नाजूक प्रकृतीच्या माणसाला समोर बसवा, मग ती आजी असो वा दम्याचे नातवंड, आणि त्याचा दिवस त्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जाईल ते विचारा. त्याला मानवणारे घर बाकीच्यांना सहसा बाधत नाही.